हुरडा आणि पुण्याचं स्थळ

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक परिसंवाद झाला. विषय होता, 'पुण्याला स्वतःची संस्कृती उरली आहे का?' वक्ते सोलापूरचे, अध्यक्षीणबाई नागपूरच्या, माईकवाला पोरगा गोरखपूरकडचा आणि मागं वडे तळायला बसलेला माणूस राजस्थानचा. या सगळ्यांनी मिळून मला पहिल्या रांगेत बसवलं आणि 'मूळ पुणेकर' म्हणून माझ्या अंगावर शाल घातली. मी घेतली. शाल बरी होती. मग वक्ते तासभर हळहळले, पूर्वीचं पुणं कसं होतं आणि आता कसं कुणीही उठून इथं राहायला येतं. हळहळताना ते अधूनमधून माझ्याकडे बघत होते, जणू ते पूर्वीचं पुणं मी पदराखाली झाकून बसले होते. मीही मान डोलवली, कारण वडे व्हायचे होते. पण आता घरी बसून खरं काय ते लिहून ठेवते. मी शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याची. आमचे आजोबा मेंढरं राखायचे. आणि पुणेरी संस्कृतीशी माझी पहिली गाठ पुण्यात पडली नाही, ती पडली आमच्या शेतात, हुरड्याच्या आगटीपाशी, जिथं माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

आजोबांच्या काळी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाची वाट धरायची, अशी आमच्या घरची रीत होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती मोडली. नदीवरून शेताला पाणी आलं, आबांनी शेवंती लावली, आणि आम्ही फुलांचे शेतकरी झालो. तरी आईनं चार मेंढ्या दाराशी ठेवल्याच होत्या. त्यांच्या ओरडण्याशिवाय तिला सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही. आमचं घर म्हणजे आवाजांचं घर. मेंढ्या, पाण्याचं इंजिन, आणि या दोन्हींवर मात करणारा आबांचा गळा. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर ते साधी तंबाखू मागायचे, तर पलीकडच्या वस्तीवर लोकांना वाटायचं भांडण लागलं. खायला बाजरीची भाकरी, जवसाची चटणी, वांग्याचं कालवण, आणि पाहुणा आला तर त्याची धडगत नसायची. आमच्याकडे पाहुण्याचा पहिला 'नको' कुणी ऐकतच नसे, दुसऱ्या 'नको'ला ताटात आणखी एक भाकरी पडे, आणि तिसऱ्याला तो रागावला की काय म्हणून वर तूप. शिवाय प्रत्येकाला प्रत्येकानं 'कुठं निघालीस?' हे विचारलंच पाहिजे असा गावाचा नेम. विहिरीवर निघालं तरी विचारायचे, परत येताना पाण्याचा हंडा दिसत असला तरी विचारायचे. उत्तर कुणाला हवं नसायचं, पण दिलं नाही तर संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर जायचं. मला या प्रश्नाचा लहानपणापासून विलक्षण कंटाळा होता. आईला वाटायचं मी शिष्ट आहे. होतेच मी.

सातवीनंतर मला शिकायला दौंडला सोनाआत्याकडे ठेवलं. सोनाआत्या ही आबांची धाकटी बहीण. तिचे यजमान, आमचे मामा, रेल्वेत फिटर, त्यामुळे राहायला रेल्वेच्या चाळीतलं क्वार्टर. तिथं रात्रंदिवस इंजिनांच्या शिट्ट्या आणि डबे एकमेकांवर आपटल्याचे धडाके चालायचे. पहिले काही दिवस मी दचकून उठायचे, नंतर आवाज थांबला की जाग यायला लागली. चाळीत एकही माणूस मूळचा दौंडचा नव्हता. डावीकडच्या तेलुगू काकू चिंचेचं सार पाठवायच्या, उजवीकडचे इंजिन ड्रायव्हर नाताळात केक द्यायचे, समोरचे भुसावळकडचे भरीत करायचे, आणि आत्या या सगळ्यांना आमची जवसाची चटणी द्यायची. कुणाला कुणाची भाषा नीट यायची नाही, पण कुणाच्या घरी आज काय शिजलंय ते सगळ्यांना ठाऊक असायचं. आपल्याला संस्कृती आहे का, हा प्रश्न त्या चाळीत कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. नळाला पाणी आहे का, हा मात्र रोज पडायचा. आणि 'किधर चली?' म्हणून विचारणारे तिथंही होतेच, फक्त चार भाषांत.

सोनाआत्याच्या आयुष्यात एक सोनेरी काळ होऊन गेला होता. मामांची बदली झाली म्हणून ती काही काळ पुण्याला एका पेठेत, एका बाईंच्या घरात भाड्यानं राहिली होती. त्या घरमालकीणबाईंचा तिनं जो धसका घेतला, त्यालाच ती पुढं संस्कृती म्हणायला लागली. त्या बाई पाहुण्याला 'चहा नकोच असेल ना?' असं विचारायच्या. त्या कुणाला जेवायचा आग्रह करायच्या नाहीत. त्या कुणाला गाव विचारायच्या नाहीत. आत्या हे सगळं देवाच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगायची. पण माझ्या मनात पुणं भरलं ते या बाईंमुळे नाही. एकदा आत्या मला लुगडी घ्यायला पुण्याला घेऊन गेली. ती दुकानात रंग निवडत बसली आणि मी हळूच बाहेर सटकले. रस्ताभर चालत गेले. एका गाडीवरून पेरू घेतला, तिखटमीठ लावून, आणि चष्म्याच्या दुकानासमोर उभी राहून तो सगळा खाल्ला. एवढी माणसं बाजूनं गेली, पण एकानंही विचारलं नाही की तू कुणाची, कुठं निघालीस, एकटी का. तो मी आयुष्यात एकटीनं खाल्लेला पहिला पेरू. परत आले तेव्हा आत्यानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, पण मी त्याच दिवशी ठरवलं होतं की राहीन तर इथंच.

त्यामुळे मामांनी पुण्याचं स्थळ आणलं तेव्हा मी मुलाचा फोटोही धड पाहिला नाही. मुलगा दत्ता, आपल्यातलाच, आडनाव जुळणारं, पुण्यात कारखान्यात नोकरीला. दुसरं स्थळ होतं न्हावऱ्याचं. तिथं बागायत होती, दोन बैलजोड्या होत्या, आणि आबांनी तिकडे अर्धी मान हलवूनही ठेवली होती. न्हावऱ्याच्या त्या घरात नांदायला गेले असते तर जन्मभर 'कुठं निघालीस?' संपलं नसतं. पुण्याचं जुळलं तर पुणं, नाही तर न्हावरा, एवढं सरळ होतं. आता सोयरीक जुळवताना आमच्यात सगळ्यात आधी विचारतात ते मूळ गाव. इथं मात्र ते विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, आबा विचारणारच होते, आत्यानं त्यांना अडवलं. "पुण्याच्या माणसाला गाव विचारत्यात व्हय? अडाणी म्हणतील ते आपल्याला." आबांनी तिचं ऐकलं. अशी चूक आमच्या सात पिढ्यांत कुणी केली नसेल.

बघायचा कार्यक्रम मार्गशीर्षात ठरला आणि आत्या आठवडाभर आधी आमच्याकडे येऊन तळ ठोकून बसली. तिनं सगळ्या घराला पुणेरी करायला घेतलं. बसायला घोंगडी अंथरायची नाही, म्हणून मांडवगणातून भाड्यानं लोखंडी खुर्च्या आणल्या. मेंढ्या गोठ्यामागं नेऊन बांधल्या. पोहे छोट्या बशांमधून द्यायचे आणि दुसऱ्यांदा वाढायचे नाहीत. आई म्हणाली, "आगं, लांबनं येणार ती मान्सं. उपाशी घालवू व्हय?" आत्या म्हणाली, "वहिनी, आग्रह करणं गावंढळपणा असतो." आईनं हे ऐकून घेतलं आणि चुलीमागं गुपचूप पिठल्याची तयारी करून ठेवली. तात्यांना, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाला, दिवसभर शेतातच थांबायची शिक्षा झाली, कारण त्यांना चहा बशीत ओतून मोठ्यानं फुरके मारल्याशिवाय पिताच यायचा नाही. आणि सकाळी आत्यानं आबांना खुर्चीत बसवून शेवटचा हुकूम दिला.

"दादा, तू आज तोंड उघडायचं न्हाई. म्हणजे, नाही. उघडायचं नाही."

"आन् पावण्यांनी काय विचारलं तर?"

"मान हलव."

"व्हय म्हणून का न्हाई म्हणून?"

"मधेच कुठंतरी."

पाहुणे केडगाव स्टेशनवर उतरून भाड्याच्या जीपनं आले. दत्ता, त्याची आई, आणि त्याचे वडील आप्पा. सोबत मध्यस्थ म्हणून मामा. आप्पा हा आडव्या बांध्याचा, रापलेल्या चेहऱ्याचा माणूस. त्यांना नव्या कोऱ्या पँटमध्ये कोंबलेलं होतं आणि ते सारखे गुडघ्यावरची पँट चिमटीनं वर ओढत होते. दत्ताच्या आईच्या हातात पर्स होती आणि ती तिनं ओसरीवर क्षणभरही सोडली नाही. "आम्हाला बाई, पुण्याबाहेर पडायची फारशी सवय नाही," ती म्हणाली. "हो ना, आम्हालाही शांतताच आवडते," आत्या म्हणाली. त्याच वेळी गोठ्यामागून एक मेंढी ओरडली. आत्या जोरात खोकली. आबा गप्प. समोर आप्पाही गप्प. मला वाटलं, केवढा हा पुण्याचा रुबाब, माणूस एक शब्द बोलत नाही. मला नंतर कळलं की त्यांनाही जीपमध्ये तोंड उघडायला बंदी झाली होती. दोन बाप एकमेकांसमोर बसून छताकडे बघत होते.

पोहे आले. बशीत दोन घास होते. पाहुण्यांनाही कुणीतरी शिकवून पाठवलेलं असणार, की सगळं संपवलं तर हावरे दिसाल, म्हणून प्रत्येकानं बशीत एकेक चमचा पोहे ठेवले. "आणखी नकोच असेल ना?" आत्यानं अगदी घरमालकीणबाईंच्या चालीवर विचारलं. "छे छे, पोट भरलं," दत्ताची आई म्हणाली. तेवढ्यात कुणाच्या तरी पोटात इतका मोठा गुरगुराट झाला की सगळ्यांनी गोठ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आईच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या घरातून माणूस उपाशी जातोय हे तिला सहन होत नव्हतं. मी मान खाली घालून बसले होते आणि मनात म्हणत होते, अजून थोडा वेळ असंच रेटा, पुणं मिळतंय.

आणि वारा फिरला. शेतातून हुरड्याचा वास आला. तात्या बिचारे एकटे काय करणार, त्यांनी बांधाच्या कडेला खड्डा करून, गोवऱ्या पेटवून आगटी केली होती आणि ज्वारीची कोवळी कणसं त्यात खुपसली होती. त्या धुरकट, गोडसर वासानं सगळी ओसरी भरली. आप्पांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी पँट वर ओढली, उठले, बायकोला करंगळी दाखवली आणि बाहेर गेले. बराच वेळ झाला तरी आले नाहीत. मग आबांनी करंगळी दाखवली आणि तेही गेले. मग मामांनी. शेवटी दत्तानं अगदी लाजत, माझ्याकडे न बघता, हळूच करंगळी वर केली. ओसरीत आम्ही बायकाच उरलो. दत्ताची आई पर्स कवटाळून म्हणाली, "पाणी बाधलं की काय हो सगळ्यांना?" आत्याचा चेहरा पांढरा पडला. शेवटी आम्ही सगळ्याच उठलो आणि शोधायला निघालो.

शोधायची गरज नव्हती, आवाज ऐकू येत होते. आगटीभोवती घोंगडी अंथरलेली. आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मांडी घातलेली, तळहातांवर गरम कणीस चोळून फुंकर मारत होते आणि आमच्या आबांच्या तोडीस तोड गळ्यात ओरडत होते, "आरं, ती लसणाची चटनी हिकडं सरकव की तात्या! आन् गूळ कुठं लपीवला?" मग त्यांनी नदीपलीकडे बोट केलं. "त्यो कळस दिसतुय न्हवं? त्येच आमचं गाव. तुमचा म्हातारा आन् माझा बाप एकाच वाटंनं मेंढरं घिऊन जायाचं. ह्या बांधावर झोपलोय मी ल्हानपनी!"

आबांनी मांडीवर थाप मारली. "तरीच! मगापासनं बगतुय मी, ह्या मान्साचं बूड खुर्चीवर ठरंना!"

दौंड तालुक्यातलं ते गाव आमच्या बांधावरून दिसायचं. तिथली ही माणसं, काही वर्षांपूर्वी हडपसरच्या पलीकडे एका गल्लीत जाऊन राहिलेली, उलटी पुण्याहून केडगावला, केडगावहून जीपनं, आमच्यासमोर पुणेकर म्हणून आली होती. आत्या भडकली. "म्हंजी नदीपल्याडची हाय तुम्ही? मग पुन्याचं स्थळ कसलं ह्ये? फसवनूक हाय ही!" आठवडाभर आम्हाला शिकवलेलं सगळं शुद्ध बोलणं एका दमात गेलं. दत्ताच्या आईनंही पर्स घोंगडीवर आपटली. "आन् तुम्ही? खुर्च्यांवर भाडेवाल्याचं नाव हाय, वाचता येतं मला. मागं मेंढ्या कोंडून ठिवल्यात आन् आमाला शांतता सांगता व्हय?" दोघी एकमेकींवर ओरडत राहिल्या. आत्यानं माझा दंड धरला. "चल मंदे. ह्यांच्याकडं हाय काय आन् न्हाई काय! त्यापरीस न्हावरा बरा. निदान खरा तरी हाय."

न्हावऱ्याचं नाव ऐकल्यावर मी दंड सोडवून घेतला. मला रडू आलं, आणि राग आला तो सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण जे पुणं मी दोन बशा पोह्यांत मिळवायला निघाले होते ते समोर आगटीपाशी पँट दुमडून बसलं होतं. आबांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "सोना, गप. नांदायचं पोरीला हाय. मंदे, तुझं काय म्हननं हाय ते बोल."

मी दत्ताकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्याच्या मिशीला कोंडा लागला होता. मी विचारलं, "तुमच्या तिथं संध्याकाळी बाई एकटी बाहेर पडली, तर कुठं निघालीस म्हणून कोण विचारतं का?"

दत्तानं आधी तोंडातला घास गिळला. खोटं बोलायला त्याला चांगली संधी होती. "गल्लीत विचारत्यात," तो म्हणाला. "गल्लीत सगळी हिकडलीच हायत. आई तर दारात बसून येनाऱ्या-जानाऱ्या कुत्र्यालाबी विचारती. पर मेन रोडला लागलं की कुनी न्हाई विचारत. मी रोज कामावरनं सुटलो की तिकडनं उगंच एक फेरी मारून येतो."

"कशाला?"

"कुनी विचारत न्हाई म्हनून," तो म्हणाला आणि लाजला.

"मग मला चालंल," मी म्हणाले. इतकं स्पष्ट मी आयुष्यात फार थोड्या वेळा बोलले आहे. त्या आगटीपाशीच आबांनी आणि आप्पांनी एकमेकांच्या तोंडात गुळाचा खडा घातला. आई पळत गेली आणि पिठलं टाकून आली. त्यानंतर कुणाचाही कितवाही 'नको' तिनं ऐकला नाही. आत्या रुसून खुर्चीवर जाऊन बसली होती, तिलाही तात्यांनी तिथं हुरडा नेऊन दिला. तिनं तो शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ला, एक चमचाही मागं ठेवला नाही.

आता त्या भागात हिवाळ्यात गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाट्या दिसतात, 'अस्सल गावरान हुरडा पार्टी'. गेल्या वर्षी माझा नातू ऑफिसातल्या मंडळींबरोबर अशाच एका ठिकाणी गेला होता, आमच्या जुन्या शेतापासून हाकेच्या अंतरावर. त्याला फेटा बांधला, घोंगडीवर बसवला आणि फोटो काढायला हातात कोकरू दिलं. आम्ही मेंढ्या मागं कोंडल्या होत्या, यांनी त्या दर्शनी भागात बांधल्यात. त्यानं मला फोटो दाखवून विचारलं, "आजी, तू कधी हुरडा खाल्ला आहेस का?" मी म्हटलं, "एकदा खाल्ला होता, त्यामुळं तू झालास." तो हसला. त्याला वाटलं आजीचं वय झालं.

लग्नानंतर हडपसरपलीकडच्या त्या गल्लीत मी नांदायला गेले, आणि दत्तानं सांगितलं होतं त्यात तसूभरही खोट नव्हती. गल्लीत एक घर पारनेरचं, एक शिरूरचं, एक इंदापूरचं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला बाहेरचा समजायचा. आप्पा पायरीवर घोंगडी टाकून बसायचे आणि भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत दिसेल त्याला "गाव कंचं?" विचारायचे. ते विचारल्याशिवाय त्यांना भाजीची चव लागायची नाही. मी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी, सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा, पायात चपला घातल्या आणि बाहेर पडले. गल्लीतल्या प्रत्येक दारानं विचारलं. मी कुणाला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मेन रोडला लागले आणि खरंच कुणी विचारलं नाही. ट्रक गेले, सायकली गेल्या, कारखाना सुटलेली माणसं घोळक्यानं गेली. मी गाडीवरून पेरू घेतला, तिखटमीठ लावून, आणि दिव्याच्या खांबाखाली उभी राहून खायला लागले. अर्धा झाला आणि उरलेला मी पदरात बांधला. मला आईची आठवण आली. एवढ्या माणसांत मी कुठं उभी आहे हे कुणालाच ठाऊक नाही, याचा मला आनंद होत होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. मी परत निघाले.

अंधार पडायला लागला होता. आप्पा पायरीवर बसलेले. सून नव्या घरातून एकटी बाहेर गेलेली, न सांगता. आता काय ऐकायला लागतंय म्हणून मी पदर सावरून उभी राहिले. त्यांनी तोंड उघडलं. प्रश्न त्यांच्या जिभेवर आला होता, तो मला दिसत होता. मग त्यांनी तोंड मिटलं. आगटीपाशी मी काय मागितलं होतं ते त्या माणसाच्या लक्षात होतं. ते घोंगडीवर थोडे बाजूला सरकले आणि एवढंच म्हणाले, "बस पोरी. भाकरी हाय."

मी त्यांच्याशेजारी बसले आणि पदरातला अर्धा पेरू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला. कुठून आणलास, हेही त्यांनी विचारलं नाही.